तुम्ही विचारलंत म्हणून: बेडकाची अंडी आणि माझा गॅस

बेडकाच्या अंड्यांवर मी लाफिंग गॅस सोडत होते का, असं विचारलंत ना? नाही हो, लाफिंग गॅस नाही. तो नायट्रस ऑक्साइड. माझा नायट्रिक ऑक्साइड, रक्तवाहिन्या सैल करणारा, ज्याच्यावर १९९८ चं नोबेल आहे. आणि सिलिंडर वगैरे काही नव्हतं, स्नॅप नावाची हिरवट पावडर, विरघळली की हळूहळू हा गॅस सोडते.

"मग तुझ्या गॅसनं पेशीचं विभाजन थांबतं की सुरू होतं, एवढंच सांग," हे आत्याचं दर दिवाळीला. अगं आत्या, अंडं कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर आहे ते! पिकत असलेल्या अंडपेशीत गुणसूत्रं ओढणारी स्पिंडल नीट बनत नाही. पण पिकून शुक्राणूची वाट बघत थांबलेल्या अंड्यात आतलं कॅल्शियम वाढतं आणि नर न येताच अंडं जागं होतं, म्हणजे फळल्यासारखं वागायला लागतं, तेही अर्धवट, म्हणजे मॅपके हे एन्झाइम अर्ध्या तासात थंड आणि विभाजनाला ढकलणारं एमपीएफ मात्र चालूच. २०१२ मध्ये फ्रान्स आणि चेकच्या लोकांनी हे छापलं.

मला तेच पुढे न्यायचं होतं. तीन आठवडे जेली काढलेली झेनोपस या बेडकाची अंडी एकेक उचलून स्नॅपमध्ये टाकत होते, वरचा काळा रंग छान आकसायचा, म्हणजे अंडं जागं झालं, मी खूश. मग एका सोमवारी उजेडात ठेवून गॅस संपवलेलं जुनं द्रावण वापरलं, तर त्यातलीही जागी झाली. तितकीच. आधी पावडरला शिव्या घातल्या, मग बेडकीला, मग पाण्याला. रात्री नऊला अंडी उचलायची काचेची नळी, पिपेट, भिंगाखाली धरली तर टोकाची कपची उडालेली. म्हणजे मी अंडी टोचत होते! टोचलं की बेडकाचं अंडं जागं होतं, हे बातायाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१० मध्येच सुईनं दाखवलंय, मी परीक्षेत लिहिलंय.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी स्नॅपशिवाय ठेवलेली अंडी, नव्हता असं नाही हं. होता. फक्त ती अंडी मी मूळ डिशमधून हलवलीच नव्हती, म्हणजे त्यांना पिपेट लागलाच नव्हता. घाई होती असं सांगते लोकांना, खरं म्हणजे मला उत्तर आवडलं होतं.

टोक ज्योतीवर गोल करून सगळं पुन्हा केलं. फरक दिसला, पण आधीइतका देखणा नाही. तेव्हाची मी म्हणते, शेवटी स्नॅपनंच अंडी जागी झाली ना, मग चुकलं कुठे? तिला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही, आणि आत्याला तर नाहीच.