काजूच्या बागेची माती तपासून घेताना: एका रकान्यावर अडलेलं काम

माती परीक्षणाच्या अर्जावर ‘पीक’ या शब्दापुढे एकच रकाना असतो. माझी बाग काजूची, दोन ओळींमधल्या पट्ट्यात हळद. प्रयोगशाळेच्या खिडकीवर उत्तर ठरलेलं: एका गट नंबराला एक नमुना, एक पीक. मातीच्या दोन पिशव्या वेगळ्या का, हे सांगितलं तरी “एकत्र करून द्या, सरासरी येईल” एवढंच. आंतरपिकाच्या बागेत घात करते ती ही सरासरीच, आणि ते आठवलं की मला अजून चीड येते.

काजूचं खत आळ्यात, म्हणजे खोडाभोवतीच्या गोलात, पडतं. वर्षानुवर्षं युरिया पडला की आळ्यातली माती आणखी आम्ल होत जाते. हळदीच्या गादीवाफ्यात मात्र शेणखत आणि राख. समजा, आळ्याचा सामू (pH; जितका कमी, तितकी माती आम्ल) 5.0 आहे आणि वाफ्याचा 6.2. एकत्र केलेला नमुना साडेपाचच्या आसपास काहीतरी दाखवणार. त्यावरून आम्लता कमी करायला चुना टाकला तर आळ्यात तो अपुरा आणि वाफ्यात वायफळ. हा आकडा बागेतल्या कुठल्याच मातीचा नाही.

त्यात अर्जामागच्या सूचना शेतपिकांसाठी छापलेल्या: ‘झाडाखालची माती घेऊ नये.’ भाताच्या खाचराला ते बरोबर आहे. पण काजूची अन्न घेणारी बहुतेक मुळं खोडापासून साधारण दोन मीटरच्या आत असतात. तीच जागा सोडून काजूला काय हवं ते कसं कळणार?

शेवटी मार्ग निघाला तो असा. नमुन्यागणिक स्वतंत्र अर्ज भरला. गट नंबर तोच, पण एकावर पीक काजू, नमुना ‘अ, आळे’. दुसऱ्यावर पीक हळद, नमुना ‘ब, वाफा’. सोबत, दोन्ही नमुने वेगळे तपासावेत असं प्रयोगशाळाप्रमुखांच्या नावे दोन ओळींचं पत्र दिलं आणि त्याची पोच घेतली. खिडकीवर वाद घालण्यात वेळ दवडू नका, पहिल्याच खेपेला कागद पुढे करा.

त्याच पत्रात आणखी दोन गोष्टी मागा. एक, स्फुरद (फॉस्फरस) ‘ब्रे’ पद्धतीने काढून द्यावा. ‘ओल्सेन’ ही उदासीन आणि चुनखडीच्या जमिनींची पद्धत. कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, तिथे ब्रेचा आकडा जास्त भरवशाचा. दोन, चुन्याची गरज, म्हणजे मातीला किती चुना लागेल याची चाचणी. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात, पण ही चाचणी त्यांत नाही. नुसत्या सामूवरून चुन्याची मात्रा ठरत नाही.

माती काढण्याचं काम त्यामानाने सोपं. वरचा पालापाचोळा खरवडून बाजूला करा. तो नमुन्यात गेला तर सेंद्रिय कर्ब फुगतो, आणि कर्बावरून नत्र (नायट्रोजन) काढणाऱ्या अहवालात नत्रही उगाच भरपूर दिसतं. वाफ्यात 20 सेंटीमीटरपर्यंत, आळ्यात 0 ते 30 आणि 30 ते 60 असे दोन थर वेगळे. आठ-दहा झाडांखालची माती घ्या, पण प्रत्येक थराचा ढीग निराळा ठेवा. गॅल्व्हनाइज्ड घमेलं नको, जस्ताचा आकडा बिघडतो; प्लास्टिकचं वापरा. ढीग पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. वाळवणं सावलीतच.

अहवाल वाचताना खडा विसरू नका. प्रयोगशाळेत माती 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि हेक्टरी किलोचा हिशेब त्या बारीक मातीवर धरतात. आपल्याकडे जांभ्याचे खडे भरपूर. घरीच 10 किलो वाळलेली माती चाळून पाहा. चाळणीवर 4 किलो खडे राहिले, तर अहवालातला हेक्टरी पालाश (पोटॅश) ढोबळमानाने 0.6 ने गुणून धरा. ‘मध्यम’ छापलेली जमीन अशा वेळी प्रत्यक्षात ‘कमी’त जाऊ शकते.

नमुन्याची चिठ्ठी पिशवीत टाकताना पेन्सिलीने लिहून वेगळ्या प्लास्टिकच्या पुडीत घाला, ओलीने शाई पसरते. नमुना काजूची तोड संपल्यावर, पावसाआधी काढा. खत घालून दोन-तीन महिने तरी झालेले हवेत. आळ्यात चुना टाकलात तर सुपर फॉस्फेट त्याच दिवशी नको, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.