एकवीस चिंचोके आणि उरलेली बाकी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत संगणक मोजके आहेत आणि वीज तिच्या मर्जीने येते. त्यामुळे संगणकशास्त्राची सुरुवात मी चिंचोक्यांनी करतो. २१ चिंचोके मांडायचे, दोघांनी आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे आणि शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती येईल तो जिंकला. पहिले डाव मुले निव्वळ नशिबावर खेळतात. मग एखादी मुलगी म्हणते, "सर, चार उरले का आपण हारलोच," आणि तिथून ८, १२, १६, २० असा उलटा माग काढत वर्गाला कळते, की पहिल्याने एक उचलून समोरच्यासाठी नेहमी चारच्या पटीतली संख्या ठेवावी.

वीज असली की हाच खेळ आम्ही स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम तयार करायच्या साधनात, उतरवतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली खुले केलेले हे साधन मोफत आहे आणि एकदा डाउनलोड केले की इंटरनेटशिवाय चालते, हा गुण आमच्याकडे सर्वांत मोलाचा. चिंचोक्यांना चारने भागून जी बाकी येईल तेवढे संगणकाने उचलायचे, एवढाच नियम. पण बाकी शून्य आली तर काय, हा प्रश्न खेळ अडकल्यावरच पडतो, आणि 'जर-नाहीतर'चा ठोकळा कशासाठी, हे मग मला सांगावे लागत नाही. गुणांचे आमिष दाखवून पाढे घोकून घेणारी चकचकीत ॲप्स मला पटत नाहीत. त्यांत खेळ वेगळा आणि गणित वेगळे राहते.

सध्या मुलांनी चारपर्यंत उचलण्याची मुभा दिली आहे, आणि आता पाचाने का भागायचे यावर वर्गात वाद चालू आहे.