"बाई, श्वास!"

पाचवीच्या वर्गाला सामाजिक-भावनिक कौशल्यं शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या वेळापत्रकात एक तास रिकामा होता. गणिताची बाई मी. भावनांचा तास घ्यायचा म्हणजे नेमकं करायचं काय, हेच कळेना.

प्रशिक्षणात पाच क्षमता सांगितल्या: स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्याचं मन जाणणं, नाती सांभाळणं आणि जबाबदारीनं निर्णय घेणं. मी तक्ता लावला, व्याख्या लिहून दिल्या. मुलांनी त्या घडाघडा पाठ केल्या. मधल्या सुट्टीतल्या मारामाऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

मग शाळांतल्या अशाच कार्यक्रमांचा २०११ सालचा एक मोठा आढावा वाचनात आला. २१३ कार्यक्रम, सुमारे २,७०,००० विद्यार्थी. असा कार्यक्रम न मिळालेल्या मुलांपेक्षा अभ्यासातली प्रगती सरासरी ११ पर्सेंटाइलनं जास्त, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत साधारण ११ जागा वर. मुख्याध्यापकांपुढे ठेवायला आकडा झकास होता. मला टोचलं ते वेगळंच: गुण आला होता तो टप्प्याटप्प्यानं, करून बघत शिकवलं तिथे. तक्ता उतरवला.

आता हजेरीला 'हजर'ऐवजी मनातला एक शब्द सांगायचा. पहिले आठ दिवस नुसतं 'मस्त' आणि 'बोअर'. मग फळ्यावर शब्द जमवत गेलो: ओशाळणं, हिरमुसणं, धास्ती, हेवा. (आपल्याकडे इतके शब्द, आणि आपण 'मूड ऑफ' म्हणून मोकळे होतो.)

एकदा जोडीनं गणित सोडवताना एका मुलानं वहीचं पान टरकावलं. "राग आला का रे?" बराच वेळ तो वहीची पिन उचकटत राहिला. "नाही बाई, ओशाळलो. तिचं बरोबर आलं, माझं चुकलं, आणि सगळे बघत होते." रागवायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

खरी पंचाईत माझीच होती. 'थांबा, श्वास घ्या, मग बोला' हे शिकवून पंधरा दिवसही झाले नसतील. वह्यांचा ढीग तपासायचा राहिलेला, डोकं उठलेलं. मी टेबलावर डस्टर आपटून ओरडले. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, श्वास!" हशा पिकला. मी श्वास घेतला आणि माफी मागितली. तेव्हापासून मुलं एकमेकांनाही "श्वास" म्हणतात, कधी मनापासून, कधी निव्वळ खोडी म्हणून.

वर्षाअखेरीस या विषयाचे गुण मागितले गेले. स्वतःला आवरण्यात दहापैकी सहा? मी प्रत्येकाचा वर्षभरातला एकेक प्रसंग लिहून दिला. प्रगतिपुस्तकाच्या रकान्यात तो मावेना, म्हणून पुरवण्या जोडल्या.