नेब्रास्कातील उरलेले तुकडे आणि एक साधी क्विल्ट

अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या नेब्रास्का राज्यातील लिंकन या आमच्या शहरात इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम आहे. क्विल्ट म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवून केलेले इथले गोधडीसारखे पांघरूण. अर्डिस आणि रॉबर्ट जेम्स या दांपत्याने १९९७ मध्ये आपल्या संग्रहातील सुमारे ९५० क्विल्ट येथील विद्यापीठाला दिल्या आणि त्यातून हे संग्रहालय उभे राहिले. तिथल्या राजेशाही नमुन्यांपेक्षा मला साध्या, उरल्यासुरल्या कापडाच्या क्विल्ट अधिक जवळच्या वाटतात. १९३० च्या दशकातील मंदीत पीठ आणि कोंबड्यांचे खाद्य सुती पोत्यांतून येत असे. बायका त्या पोत्यांचे कपडे शिवतात हे ओळखून कंपन्यांनी त्यांवर फुलाफुलांची नक्षी छापायला सुरुवात केली, आणि फ्रॉक बेतून उरलेल्या चिंध्याही क्विल्टमध्ये जाऊ लागल्या.

गोधडी पाहत वाढलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटते. कामाचा क्रम मात्र अगदी वेगळा आहे. आपल्याकडे जुनेराचे थर अंथरून त्यांवर ठिगळे मांडतात आणि काठाकडून आत धावदोरा घालत जातात, म्हणजे जोडणे आणि शिवणे एकाच वेळी होते. इथे आधी तुकडे एकमेकांना जोडून वरची बाजू पूर्ण करतात, मग तिच्याखाली बॅटिंग नावाचा कापसाचा पातळ थर आणि त्याखाली अस्तर ठेवून तिन्ही एकत्र शिवतात. त्यामुळे इथे सगळी भिस्त मापावर असते.

इथल्या चर्चच्या सभागृहात जमणाऱ्या आज्यांकडून मी जी सर्वांत सोपी क्विल्ट शिकले, ती ५ इंची चौकोनांची. चारही बाजूंना पाव इंचाची शिवण सोडली की जोडलेला चौकोन साडेचार इंचांचा उरतो, म्हणून आडवे १० आणि उभे १२ असे १२० चौकोन घेतल्यास ४५ बाय ५४ इंचांची, मांडीवर घ्यायला पुरेशी क्विल्ट होते. कापड शक्यतो एकाच जाडीचे सुती घ्यावे, कारण रेशमी खण किंवा ताणले जाणारे होजिअरी सुती तुकड्याशेजारी नीट बसत नाही. ठशाच्या छपाईचे आणि गडद लाल, निळे तुकडे रंग सोडू शकतात, तेव्हा ते आधी धुऊन, इस्त्री करूनच कापावेत.

चौकोन शिवण्याआधी जमिनीवर मांडून पाहण्याचा टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठी एक अख्खी संध्याकाळ गेली तरी ती सत्कारणी लागली असे मी मानते. उरलेल्या कापडात रंग जुळण्याची अपेक्षाच नसते. जुळवायचा असतो तो फिका आणि गडद यांचा आलटूनपालटून क्रम. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढले की कोणता तुकडा कुठे हरवतो आहे हे लगेच कळते. माझ्या क्विल्टमध्ये कुर्त्यांचे कापड, ब्लाउजपीसचे उरलेले कोपरे आणि मुलाच्या लहान झालेल्या शर्टांच्या चौकटी या क्रमामुळेच एकत्र नांदल्या.

मग एकेक आडवी ओळ शिवावी. पहिल्या ओळीतील शिवणी उजवीकडे, दुसरीतील डावीकडे अशा आळीपाळीने इस्त्रीने दाबल्या, की ओळी जोडताना शिवणी एकमेकींना खेटून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात. एवढी एक गोष्ट जपली, तर नवशिक्या हातांचेही काम सुबक दिसते.

इथल्या दुकानांत आयते कापलेले, रंग जुळवलेले चौकोनांचे गठ्ठे मिळतात. सोय म्हणून ते ठीक असेल, परंतु नवे कापड तुकडे करण्यासाठीच विकत घेणे मला पटत नाही. अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावरचे विटलेले कपडे आणि जीन फाडून क्विल्ट केल्या, आणि २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात कलाकृती म्हणून मांडल्या गेल्या. त्यांच्या वाकड्या पट्ट्या, मध्येच बदललेला रंग आणि हाती आले ते वापरण्यातला आत्मविश्वास मला आपल्या वाकळीच्या फार जवळचा वाटतो.

तिन्ही थर शिवताना अस्तर चारही बाजूंनी दोन-चार इंच मोठे ठेवावे आणि मध्यापासून कडेकडे टाचत जावे, म्हणजे चुण्या पडत नाहीत. चौकोनांच्या शिवणीलगत सरळ टीप मारली तरी पुरते. मी मात्र हाताने धावदोराच घालते. शेवटी अडीच इंच रुंद पट्टी दुमडून कडेला गोट लावावा. महाराष्ट्रात करणाऱ्यांनी बॅटिंग शोधत बसू नये. आत जुन्या सुती साडीचे दोन थर घातले, तर आपल्या हवेला पुरेल इतकी ऊब मिळते आणि क्विल्ट धुऊन लवकर वाळतेही.