फियाट, अँबॅसिडर आणि माळशेज

ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरातलं कपाट आवरताना बाबांची पेट्रोलची वही सापडली. टाकी भरली की तारीख, किलोमीटर, लिटर. आमच्या फियाटची सरासरी लिटरला १२-१३. शेवटच्या पानावर कल्याणच्या मामांच्या अँबॅसिडरचेही आकडे आहेत, ९-१०. कुठली गाडी चांगली यावर दोघांचा वाद वर्षानुवर्षं चालायचा, त्याचा हा पुरावा.

आरसी बुकात आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण घरात तिला फियाट सोडून दुसरं नाव नव्हतं. मामांचं एकच म्हणणं: "ताकद बघायची तर अँबॅसिडर." आमचं इंजिन १०८९ सीसी, त्यांचं १४८९. लहानपणी मलाही ते पटायचं.

पण वजन धरलं की चित्र बदलतं. फियाट सुमारे ४० अश्वशक्तीची, वजन नऊशे किलोच्या आत. अँबॅसिडर सुमारे ५० अश्वशक्तीची, वजन साडेअकराशेच्या आसपास. म्हणजे एका अश्वशक्तीच्या वाट्याला इकडे २२ किलो, तिकडे २३. जवळपास सारखंच! (हे जुन्या पेट्रोल इंजिनाचं. १९९२ नंतरची इसुझू इंजिनाची, १८१७ सीसीची अँबॅसिडर वेगळीच गाडी होती.)

मग माळशेज घाट चढताना दोन्ही गाड्यांत फरक का पडला?

१९९१ मध्ये ओतूरला लग्न होतं. फियाटमध्ये पाच माणसं, डिकीत रुखवताची भांडी. मी पहिल्यांदाच घाटात चालवत होते. मामांची गाडी पुढे, निवांत तिसऱ्या गिअरमध्ये. मीही हट्टानं तिसराच धरून ठेवला आणि इंजिन थरथरायला लागलं. बाबा शांतपणे म्हणाले, "दुसरा टाक. इंजिन ओरडलं तर चालेल, कण्हता कामा नये."

त्याचं कारण पुढे गॅरेजवाल्या काकांनी समजावलं. फियाटचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५ मिलिमीटर, अँबॅसिडरचा जवळपास ८९. इंजिन मोठं, त्यात धाव लांब, म्हणून कमी फेऱ्यांवरही ती ओढते. फियाटला मात्र फिरवत ठेवावं लागतं. फिरतं ठेवलं की ती चढते, आणि छान चढते. दुसऱ्या गिअरमध्ये तिचा आवाज असा मोकळा झाला की मला अजून तो कानात ऐकू येतो.

उतरताना दोन्ही गाड्या सारख्या. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सतत दाबले की तापून ढिले पडणारे, त्यामुळे ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं.

मागच्या सीटवर ऐसपैस बसायचं तर अँबॅसिडर, त्यात वादच नाही. पण गोखले रोडवरून आमच्या गल्लीत वळायचं तर चार मीटरच्या आत मावणारी फियाटच. अँबॅसिडर सव्वाचार मीटरहून लांब. मामांना कोपऱ्यावर मागे-पुढे करावं लागायचं, आम्ही एका झटक्यात आत. रोज घाट कोण चढतो? गल्लीत मात्र रोज वळायचं असतं. म्हणून माझं मत आजही फियाटलाच.

वहीत त्या लग्नाची नोंद आहे: "ओतूर. माणसं ५, सामान. लिटरला १०.८." त्याखाली बारीक अक्षरात, "घाट लेकीने चढवला."