डिक्शनरीतल्या नद्या आणि दोन कऱ्हा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मागच्या खेपेला लिस्टवर थांबलो होतो. या आठवड्यात डिक्शनरी (एका नावाला दुसरी माहिती जोडून ठेवणारी यादी) आणि सेट (एकही नोंद दोनदा न ठेवणारा संच). विद्यार्थी आणि त्यांचे गुण या उदाहरणाचा कंटाळा आला होता, म्हणून नद्या घेतल्या. की म्हणजे नदी, व्हॅल्यू म्हणजे ती जिला मिळते ती. कऱ्हा नीरेला, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला. शिवाय इंद्रायणी भीमेला आणि कोयना, वेण्णा, वारणा, पंचगंगा कृष्णेला. नोंदी ८.

पहिलाच लूप (एकेक नोंद घेत फिरणारा कोड) आपटला. आयटम्स (की आणि व्हॅल्यू जोडीने देणारं) लिहायचं विसरलो आणि फॉरमध्ये दोन व्हेरिएबल दिले. डिक्शनरीवर नुसता लूप फिरवला की फक्त कीज येतात, त्यामुळे पायथन ‘कऱ्हा’चीच अक्षरं सुटी करू लागला आणि व्हॅल्यू एरर आली. आयटम्स जोडल्यावर सगळं सुरळीत.

मग व्हॅल्यूजचा सेट करून त्यातून कीज वजा केल्या. उरली एकटी कृष्णा, म्हणजे माझ्या यादीत जी पुढे कुणाला मिळत नाही ती. उलटी वजाबाकी केली तर जिला यादीतली दुसरी कुठलीच नदी मिळत नाही अशा ६. एका वजाबाकीत नदीचं खोरं उलगडतं, हे मला फारच आवडलं. (सेटचा क्रम मात्र दर रनला बदलतो, छापताना सॉर्टेड लावा.)

खरी गंमत पुढे. मी आणि मामेभाऊ, दोघांनी पाहिलेल्या नद्यांचे दोन सेट केले. माझ्यातून त्याचा वजा केला, इतर नावांबरोबर कऱ्हा उरली. त्याच्यातून माझा वजा केला, तरी कऱ्हा उरली! मोरगावला तर आम्ही एकाच गाडीतून गेलो होतो. तासभर डोकं खाजवलं. शेवटी लेन (शब्दात किती चिन्हं आहेत ते मोजणारं फंक्शन) लावून बघितलं: माझी कऱ्हा ५, त्याची ६. ‘ऱ’ युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अखंड अक्षर किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथनच्या लेखी वेगळे.

युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ, एनएफसी (सुटे तुकडे जोडून एक अक्षर करणारा प्रकार) देऊन, दोन्ही याद्यांवर चालवलं आणि कऱ्हा एक झाली. वेण्णा अजून जुळत नाही. पण त्याने ती ‘वेन्ना’ लिहिली आहे, तिथे नॉर्मलाइझ तरी काय करणार? फोन केलाय त्याला.