शेल होल्डर नंबर २: माझा अनुभव

रायफलची काडतुसं घरी भरायची असं ठरवून सामान घ्यायला बसलो तेव्हा वाटलं होतं की डोकं खाणार ती प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं दांड्याचं यंत्र. ती तर एका संध्याकाळीच ठरली. मला महिन्याला शंभरेक काडतुसं लागतात, तेही टार्गेटसाठी, मग प्रोग्रेसिव्ह घेऊन करू काय, एका दांड्यात चार कामं होतात खरी पण नवशिक्याचं चारही कामांवर एकदम लक्ष राहत नाही. सिंगल स्टेज घेतली, एका वेळी एकच काम करणारी, ओ आकाराची, बिडाची. विषय संपला. (परवाना आहे का, घरी भरायला परवानगी आहे का, हे आधी बघा, ते झालंय असं धरूनच लिहितोय.)

घोळ झाला तो शेल होल्डरमध्ये. बाटलीच्या बुचाएवढा पोलादी तुकडा, रॅमच्या (प्रेसच्या वरखाली होणाऱ्या खांबाच्या) डोक्यावर बसतो, त्याच्या खाचेत केसचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीचं, बूड सरकवायचं आणि डायमध्ये (केसला आकार देणाऱ्या साच्यात) गेलेली केस परत खाली ओढतो तो हाच. किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, सुरुवातीला लागणारं सगळं आत आहे. आत वजनकाटा होता, पावडर मोजून ओतायचं पावडर मेजर, फनेल, लोडिंग ब्लॉक, मॅन्युअलसुद्धा. डाय नाहीत आणि शेल होल्डर नाही. तुमचं कॅलिबर कुठलं ते त्यांना काय माहीत, हे आता पटतं, त्या दिवशी खोकं उलटं करून झटकून बघितलं होतं मी.

मग माझ्या कॅलिबरचे, .३०८ विंचेस्टरचे, डाय मागवले आणि शेल होल्डर शोधला. एका तक्त्यात दिसलं, .३०८ ला नंबर २. मागवला नंबर २. आठ दिवसांनी आला. केस खाचेत सरकवली, गेली, पण डुगडुगायला लागली, बोट लावलं की तिरकी. वाटलं केसच खराब असेल म्हणून दुसरी घेतली, मग तिसरी, शेवटी व्हर्नियर काढलं. केसचं बूड १२ मिमी, खाच जवळपास १३ ची. दामटून तसंच चालवलं असतं तर खाली ओढताना कड निसटली असती आणि केस डायमध्येच राहिली असती.

भानगड अशी की शेल होल्डर बहुतेक सगळे एकमेकांच्या प्रेसला बसतात पण नंबर मात्र ज्याचे त्याचे. .३०८ ला ली कंपनीचा २, आरसीबीएसचा ३, हॉर्नडीचा १. मी तक्ता बघितला एकाचा आणि वस्तू घेतली दुसऱ्याची, आणि त्या दुसऱ्याचा २ नंबर निघाला .३०-३० या वेगळ्याच काडतुसाचा, ज्याच्या बुडाला बाहेर आलेली रुंद कड असते.

चूक माझी, मान्य. पण परत करायचा फॉर्म उघडला तर कारण निवडायला तीनच पर्याय, वस्तू सदोष, वेगळी वस्तू आली, मन बदललं. माझं मन अजिबात बदललं नव्हतं! "वेगळी वस्तू" निवडलं, चार दिवसांनी उत्तर आलं की तुम्ही २ नंबर मागवला, आम्ही २ नंबर पाठवला. मी फोटो काढला, व्हर्नियर लावून, आकडा दिसेल असा. परत तेच उत्तर, शब्द न शब्द तोच. मग चिडून सरळ नवा मागवला, यावेळी डायच्या डबीत जी चिठ्ठी असते तिच्यावर लिहिलेला नंबर, त्याच कंपनीचा. ती चिठ्ठी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होती, हे कृपया घरी कोणाला सांगू नका. अजून नऊ दिवस. तोपर्यंत रोज रात्री रिकाम्या प्रेसचा दांडा वरखाली करत बसायचो. शेवटी आला, केस आत गेली, हलली नाही. एवढ्याशा गोष्टीचा इतका आनंद मला रायफल घेतली तेव्हाही झाला नव्हता. आणि हाच होल्डर .३०-०६, .२४३, .२७० सगळ्यांना चालतो, बूड एकच आहे. .२२३ ला मात्र वेगळा लागतो.

डायबद्दल सांगायचं तर फुल लेंथच (केसला पूर्ण लांबीभर आकार देणारे) घ्या, आणि केस ल्यूबचे, म्हणजे केसला लावायच्या वंगणाचे, पैसे वाचवू नका. पिस्तुलाच्या सरळ केसला कार्बाइड डायमध्ये ल्यूब लागत नाही हे वाचून काही जण रायफलच्या केसलाही तसंच करतात, ती अशी अडकते की बुडाला भोक पाडून, आटे कापून, स्क्रूने ओढावी लागते. उलट ल्यूब फार झालं की केसच्या खांद्यावर (तोंडाकडे निमुळती होते तिथे) खळगा पडतो. बोटावर जेमतेम जाणवेल इतकंच.

काट्याचं लिहायचं राहिलंच. किटमधला इलेक्ट्रॉनिक होता, पंखा चालू असला की आकडा सरकायचा. पावडर ०.१ ग्रेनपर्यंत मोजायची, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, तिथे वाऱ्याची झुळूकही चालत नाही. चेक वेटचा (वजन ठरलेल्या मापांचा) सेट घेतला, दर वेळी सुरू करताना आणि मधेमधे काट्यावर ठेवून बघतो. जुन्या दांडीच्या काट्यालाही वारा चालत नाही, आणि वेळही जास्त लागतो. टेबलावर पावडरचा डबा एकच, आणि सुरुवात मॅन्युअलमधल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून, यात मी कोणाचं ऐकत नाही.

ट्रिमर (केस कापून लांबी कमी करणारा) नंतर घेतला तरी चालेल असं सांगतात, पण लांबी मोजायला लागा पहिल्यापासून. .३०८ ची केस २.०१५ इंचाच्या वर गेली की कापायची, आणि दोनतीनदा साइझ केली (डायमधून काढली) की ती वाढतेच.

आणि हो, इम्पॅक्ट पुलर. हातोडीसारखा दिसतो, चुकीचं भरलेलं काडतूस आत घालून ठोकलं की बुलेट बाहेर येते. मी म्हटलं नंतर बघू. पहिल्या वीसातल्या चार बुलेट जास्त खोल बसवल्या आणि पुलर येईपर्यंत त्या चार वेगळ्या डबीत, वर "नको" लिहून.